गणपतीला गावी जाताना: रात्रीच्या रस्त्याबद्दल तुमचे प्रश्न

श्रावण सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय एकच होतो: मुंबई-गोवा महामार्ग, रात्र, आणि गाडीत भरलेलं घरदार. मी एसटीत रत्नागिरी विभागात चालक होतो, नंतर नव्या चालकांना शिकवण्याचं काम केलं. गणपतीच्या जादा गाड्या याच रस्त्यानं नेल्या. त्या भरवशावर उत्तरं देतो आहे. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सर्वांत जास्त वाचकांनी विचारला आहे.

प्रश्न: आम्ही डोंबिवलीला राहतो, गाव लांज्याजवळ. सुट्टी चतुर्थीपासूनच मिळते, म्हणून हरतालिकेच्या रात्री जेवून दहाला निघायचं आणि सकाळी पूजेला पोचायचं असं दरवर्षी करतो. मी थोरला, पूजेला मीच बसतो. धाकटा भाऊ गावीच असतो. गाडी मी एकटाच चालवतो. जड वाहनांना बंदी असते, गारवा असतो, मुलं झोपून जातात. मला रात्री चालवायची सवय आहे. बायको मात्र या वर्षी हटून बसली आहे की झोप काढल्याशिवाय निघायचं नाही. तिची समजूत कशी घालू? (एक वाचक, डोंबिवली)

दादा, वहिनींचं ऐका. त्या बरोबर सांगत आहेत.

तुमचा हरतालिकेचा दिवस मांडून पाहू. सकाळी सहाला उठलात. लोकल, ऑफिस, परत लोकल, मग सामान बांधणं, डिकी भरणं, मुलांची गडबड. दहाला निघून पनवेल ओलांडेपर्यंत अकरा वाजतात. म्हणजे खरा रस्ता सुरू होतो तेव्हा तुम्हाला जागून सतरा तास झालेले असतात. अशा माणसाची नजर आणि हात किती मंदावतात हे संशोधकांनी मोजून ठेवलं आहे. रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम दारू असल्यावर माणूस जितका बिघडतो, तितकाच तो सतरा-अठरा तास जागून बिघडतो. आपल्या कायद्यानं चालकाला दिलेली मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. तुम्ही दारूला शिवत नसाल, नाकाबंदीत फुंकर मारून हसत पुढे जाल. पण जागरण त्या यंत्रात दिसत नाही.

आता पुढचा रस्ता. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव या पट्ट्यात गणपतीच्या आधी कोंडी लागते. लोकांना भीती वाटते ती कोंडीची. मला कोंडी सुटल्यानंतरच्या रस्त्याची वाटते. कोंडीत क्लच-ब्रेक चालू असतात, कुणी मध्ये घुसतं, कुणी हॉर्न देतं, त्यानं माणूस जागा राहतो. मग महाड मागे पडतं, पोलादपूर येतं, कशेडीचा बोगदा लागतो. पुढे रुंद काँक्रीटचा रस्ता, समोर कुणी नाही, मागे सगळे झोपलेले. घड्याळात तीन-साडेतीन. पहाटे दोन ते सहा ही शरीराची झोपेचीच वेळ असते, सवय असो वा नसो. वस्तीच्या गाड्या आणि रातराण्या चालवून केस पिकलेल्या चालकांनाही ती वेळ जड जाते. मग दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या माणसाला ‘सवय’ आहे हे मी कसं मान्य करू? आजवर काही झालं नाही, एवढंच त्या सवयीचं प्रमाणपत्र आहे.

डुलकी सांगून येत नाही. दोन-चार सेकंद मेंदू बंद होतो. कधी कधी डोळे उघडे असतात आणि तरीही बंद होतो. ताशी ८० च्या वेगानं गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंदांत जवळजवळ ९० मीटर. तेवढं अंतर ती गाडी कुणीच चालवत नसतं. म्हणून डुलकीच्या अपघातात बऱ्याचदा रस्त्यावर ब्रेकच्या खुणासुद्धा नसतात. ब्रेक मारायला कुणी जागं असावं लागतं.

शिकाऊ चालकांना मी रात्री मध्येच विचारायचो, “मागचं गाव कुठलं गेलं?” उत्तर द्यायला वेळ लागला की गाडी बाजूला घ्यायला लावायचो. वहिनींनाही हे करता येईल. लोटे गेलं का, सावर्डा गेलं का, असं विचारत राहायचं. गेले दोन-तीन किलोमीटर आठवत नसतील, पाटी दिसूनही वाचली गेली नसेल, वेग विनाकारण कमीजास्त होत असेल, गाडी पांढऱ्या पट्टीकडे सरकत असेल, तर झोप आधीच आत शिरलेली आहे. चालकाच्या शेजारी बसणाऱ्यानं झोपायचं नाही, हा नियम घरात पक्का करा. ज्याला झोप आवरत नाही त्यानं मागे बसावं.

काच खाली करणं, गाणी मोठ्यानं लावणं, तोंडावर पाणी मारणं, तंबाखू, सुपारी, हे सगळं पाच-दहा मिनिटांचं आहे. उपयोग होतो तो फक्त झोपेचा. गाडी उजेडात थांबवा, एक कप चहा किंवा कॉफी घ्या आणि लगेच सीट मागे करून पंधरा-वीस मिनिटं झोपा. गजर लावा. चहाचा असर व्हायला तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. अर्ध्या तासाच्या वर गेलात तर उठताना डोकं जड होतं, मग निघण्याआधी चांगलं चालून या. आणि हे लक्षात ठेवा की त्या झोपेनं तास-दीड तास मिळतो. आख्खी रात्र मिळत नाही.

थांबायचं ते पेट्रोल पंपावर, एसटी स्टँडवर, चालू हॉटेलच्या आवारात. गणपतीच्या दिवसांत पोलीस आणि प्रशासन महामार्गावर मदतीचे मांडव टाकतं, तिथेही हक्कानं थांबा. साइडपट्टीवर मात्र गाडी लावून झोपू नका. मागून येणारा तुमच्यासारखाच जागलेला असतो आणि पेंगलेला माणूस पुढच्या लाल दिव्यांच्या मागे मागे जातो. दिवे उभ्या गाडीचे आहेत हे त्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. गाडी बंदच पडली तर चारही इंडिकेटर लावा, त्रिकोण मागे लांब ठेवा आणि मुलाबाळांना गाडीत बसवून न ठेवता कठड्याच्या पलीकडे न्या.

आता पूजेचं. माझ्या मते तुमचा सगळा धोका पोचायच्या वेळेत आहे. चतुर्थीची पूजा मध्याह्नापर्यंत करता येते, पंचांगकर्ते दरवर्षी हे सांगतात. पहाटेची वेळ बहुतेक वेळा गुरुजींच्या सोयीची असते, कारण त्यांना वाडीतली बरीच घरं करायची असतात. त्यांना फोन करून सांगा, आमचं घर शेवटी ठेवा. हरतालिकेला शक्य असेल तर अर्धी रजा टाका, आठला झोपा, दोनला उठा, तीनला निघा. तीनची वेळही चांगली नाही, पण सहा तास झोपलेल्या माणसाची पहाट आणि एकवीस तास जागलेल्या माणसाची पहाट यांत फार अंतर आहे. शिवाय कोलाड-माणगावच्या आसपास तुम्हाला उजाडेल, आणि पुढचे सगळे घाट उजेडात लागतील.

बाराच्या आत पोचलात तर पूजेला तुम्ही बसा. नाही पोचलात तर धाकटा भाऊ बसेल. हे निघण्याआधी फोनवर ठरवून टाका. रस्त्यात ठरवायला ठेवलंत की प्रत्येक कोंडीनंतर पाय ॲक्सिलरेटरवर जड होतो. भावाच्या हातानं गणपती बसला म्हणून तुमचा थोरलेपणा कमी होत नाही. तुम्ही संध्याकाळच्या आरतीला सुखरूप उभे असलात की आईला दुसरं काही नको असतं.

प्रश्न: आमच्या वाडीचं मुंबईतलं मंडळ दरवर्षी कणकवलीला जायला खासगी बस करतं. चालकाला काही विचारलं की मोठी माणसं म्हणतात, त्याचा अपमान करू नका. बाई माणसानं यात पडू नये असंही ऐकवलं. चालक दमलेला आहे का हे आम्ही कसं ओळखायचं? (एक वाचक, विरार)

ताई, जरूर विचारा. मी आयुष्यभर स्टिअरिंगवर बसलो, मला कुणी आपुलकीनं “झोप झाली का?” विचारलं तर बरंच वाटायचं.

विचारायचा प्रश्न सोपा आहे: गाडी आज कुठून आली? गणपतीत बऱ्याच बस सकाळी कोकणात उतारू सोडतात आणि दुपारी उलट्या फिरून संध्याकाळी पुन्हा भरतात. बस धुतलेली दिसते, पण चालक तोच असतो. मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा होता, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. त्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. लांब पल्ल्याला तास थोडे वाढवायची सवलत होती, पण चोवीस तास गाडी फिरवायची सवलत तेव्हाही नव्हती आणि आजही नाही.

बस ठरवतानाच दोन चालक मागा आणि ते कागदावर लिहून घ्या. दुसरा खरोखर परवानाधारक चालक आहे की क्लीनरलाच पुढे केलंय, ते बघा. तो झोपणार कुठे, तेही बघा. केबिनमध्ये गप्पा मारणाऱ्यांच्या गर्दीत बसून रात्र काढणारा दुसरा चालक पहाटे तीनला पहिल्याइतकाच दमलेला असतो. त्याच्यासाठी एक सीट मंडळानं मोकळी सोडावी, पैसे सगळ्यांनी वाटून घ्यावेत. “सकाळी सातला पोचवलंस तर बक्षीस” असं म्हणायची काही मंडळांना सवय असते. ती आधी बंद करा. बक्षीस द्यायचंच असेल तर चहाला चार वेळा थांबल्याबद्दल द्या.

दुसरी गोष्ट दाराची. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात नागपूरहून पुण्याला जाणारी बस उलटली आणि पेटली, २५ माणसं गेली. बस दाराच्या बाजूवर पडली होती. जे वाचले त्यांतल्या काहींनी काच फोडून सुटका करून घेतली. तुमच्या बसमध्ये चढल्यावर आपत्कालीन दार कुठे आहे ते पाहा आणि ते एकदा उघडून दाखवायला सांगा. काच फोडायचा हातोडा जागेवर आहे का, तेही पाहा. गणपतीत त्या दारापाशी मखर, भजनाची पेटी, मृदंग, तांदळाची पोती रचलेली असतात. सगळं तिथून हलवा. मधल्या वाटेत पिशव्या ठेवू देऊ नका. गॅसची शेगडी आणि फटाके बसमध्ये अजिबात नकोत.

आणि बाई माणसानं यात पडू नये म्हणणाऱ्यांना सांगा की त्या बसमध्ये आमची मुलं झोपलेली असतात.

प्रश्न: आम्ही पेणहून गणपतीची मूर्ती घेऊन गावी जातो. आई पुढच्या सीटवर मांडीवर मूर्ती घेऊन बसते. पट्टा लावला तर मूर्तीला लागेल म्हणून ती लावत नाही. चालेल ना? (एक वाचक, ठाणे)

नाही चालणार. आईंच्या मनातला भाव मला कळतो, माझ्याही घरी मूर्ती अशीच छातीशी धरून आणतात, पण ती चालत. पुढच्या सीटसमोर एअरबॅग असते. धडक झाली की डोळ्याचं पातं लवायच्या आत ती फुगते आणि मांडीवर जे असेल ते आईंच्या छातीत आदळतं. एअरबॅग नसेल तर पट्टा नसलेल्या आई मूर्तीसकट समोरच्या काचेवर जातात.

मूर्तीची सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे पुढची सीट आणि मागची सीट यांच्यामधली सपाट जमीन. ती पायाची जागा म्हणून संकोच वाटतो, हे बऱ्याच घरांत ऐकलं आहे. तिथे धुतलेलं कापड घाला, पाट ठेवा, पाटावर मूर्ती, चारी बाजूंनी उशा आणि गोधड्या दाबून बसवा, आणि त्या बाजूच्या सीटवर कुणी बसू नका. प्राणप्रतिष्ठा घरी गेल्यावर होते. तोवर तिला नीट पोचवणं हीच सेवा. वर कॅरिअरवरचं मखर दोरीनं बांधू नका, पावसात दोर सैल पडतो; ते पट्ट्यांनी आवळा आणि पेणच्या पुढे पहिल्या थांब्याला पुन्हा ओढून बघा.

मागे बसणाऱ्यांनाही पट्टा सक्तीचा आहे, दंड हजार रुपये. ४ सप्टेंबर २०२२ ला, गणपतीचेच दिवस होते, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा गाडीच्या अपघातात मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता, हे पोलिसांनी तेव्हा सांगितलं. गाडी भारी होती, दिवस उजेडाचा होता.

प्रश्न: कुर्ल्याहून माणगावला मोटारसायकलनं जातो. बायको आणि तीन वर्षांची मुलगी बरोबर असते. रात्री गर्दी कमी म्हणून रात्रीच निघतो. काय काळजी घेऊ? (एक वाचक, कुर्ला)

बाळाला घेऊन रात्री दुचाकीवर निघू नका, हीच काळजी. पावसात भरलेला खड्डा रात्री सपाट दिसतो. मधे बसलेलं लेकरू झोपलं की त्याचं अंग एका बाजूला कलतं आणि तोल जातो. १५ फेब्रुवारी २०२३ पासून नियमच आहे की चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला बांधणारा पट्टा हवा, मुलाच्या मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० च्या वर नको. त्या वेगानं तुमची अर्धी रात्र रस्त्यावर जाईल.

माणगावला कोकण रेल्वेचं स्टेशन आहे. मायलेकींना रेल्वेनं नाहीतर एसटीनं पाठवा, गर्दी असली तरी. तुम्हाला गावात फिरायला मोटारसायकल लागत असेल तर तुम्ही एकटे, दिवसा, हेल्मेट घालून या.

प्रश्न: पाऊस जोरात असताना रात्री किती वेगानं जावं? थांबलो तर मागचे हॉर्न वाजवतात. (एक वाचक, पनवेल)

जेवढं दिसतं त्याच्या आत गाडी थांबली पाहिजे, इतका वेग. डिपरमध्ये, म्हणजे दिवे खाली वळवलेले असताना, साधारण चाळीस-पन्नास मीटर रस्ता दिसतो, पावसात त्याहून कमी. ओल्या रस्त्यावर ८० च्या वेगातली गाडी थांबायला सत्तर-ऐंशी मीटर घेते. म्हणजे ८० नं जाणारा माणूस न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी घालतो आहे. ५० च्या आत या, आणि वायपर पूर्ण वेगात लावूनही समोरची पट्टी दिसत नसेल तर उजेडाची जागा बघून थांबा.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. आमच्या खात्याच्या दोन गाड्या चालक, वाहक आणि उतारूंसकट नदीत गेल्या. त्या चालकांचा काहीही दोष नव्हता. अंधारात, त्या पावसात, पुढे पूल नाही हे कुणाला दिसणार? ती रात्र रत्नागिरीतल्या कुठल्याही आगारात अजून कुणी विसरलेलं नाही. म्हणून पुलावरून पाणी जात असेल, पोलीस किंवा गावकरी हात करत असतील, तर वाद न घालता थांबा. पाणी वीतभर आहे की कंबरभर, ते दिव्याच्या उजेडात कळत नाही.

तुम्ही डावीकडे व्हा आणि हॉर्न वाजवणाऱ्याला पुढे जाऊ द्या. काँक्रीटवर रात्री गुरं बसलेली असतात, काळी म्हैस तर अगदी जवळ आल्यावर दिसते. टायरची नक्षी कायद्यानं किमान १.६ मिलिमीटर लागते, पण कोकणच्या पावसाला मी त्यावर भरवसा ठेवणार नाही. नक्षी तेवढी उतरायच्या आधीच टायर बदला. आणि भरलेल्या गाडीत हवा किती हवी ते चालकाच्या दारावरच्या चिकटपट्टीवर लिहिलेलं असतं, तेवढी घरून निघतानाच भरा.

प्रश्न: मुलगा सतराचा. विसर्जनाच्या रात्री मित्रांबरोबर वडिलांची गाडी घेऊन जातो. वडील म्हणतात, गावातल्या गावात काय होतंय. (एक आई, चिपळूण)

वडिलांना दोन गोष्टी दाखवा. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये १९९-अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. ज्या मुलाला उद्या नोकरीसाठी गाडी लागणार आहे, त्याचा हा मोठा तोटा आहे. दुसरी गोष्ट अशी की विसर्जनाच्या रात्री ‘गावातला’ रस्ता नेहमीचा राहत नाही. अंधारात नाचणारी, डोक्यावर मूर्ती घेतलेली, लहान मुलं कडेवर घेतलेली माणसं रस्त्यावर असतात. मुलाच्या हातून त्यांतल्या कुणाला काही झालं तर तो ते आयुष्यभर वागवेल.

मुलाला नुसतं घरात बसवू नका, त्याला काम द्या. तुमची मिरवणूक महामार्ग ओलांडते किंवा त्याच्या कडेनं जाते का? मग तो आणि त्याचे दोन मित्र चमकणारी जॅकेटं घालून, मोठी बॅटरी घेऊन, सगळ्यांच्या मागे पन्नास पावलं चालतील आणि येणाऱ्या गाड्यांना हात करतील. सतरा वर्षांच्या मुलावर खरी जबाबदारी टाकली की तो ती पेलतो, हे मी नव्या पोरांना शिकवताना पाहिलं आहे.

प्रश्न: रात्री थोडी घेतली आणि पहाटे आंघोळ करून, काळी कॉफी पिऊन निघालो तर दारू उतरलेली असते ना? (एक वाचक, कांदिवली)

आंघोळीनं, कॉफीनं किंवा लिंबानं ती उतरत नाही. शरीर दारू आपल्या वेगानं जाळतं, साधारण तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे १५ मिलिग्रॅम. रात्री बाराला पातळी १२० वर असेल तर पहाटे पाचलाही ती मर्यादेच्या वरच असते. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. गावी गाडी नेणाऱ्यानं आदल्या रात्री घ्यायचीच नाही. बाकीच्यांनीही त्याला आग्रह करू नये.

प्रश्न: रात्री रस्त्यात अपघात झालेला दिसला तर थांबावंसं वाटतं, पण पोलिसांच्या चकरा आणि दवाखान्याचे पैसे यांना भिऊन पुढे जातो. मग मनाला लागून राहतं. (एक वाचक, पुणे)

यापुढे थांबा. मोटार वाहन कायद्याच्या १३४-अ कलमानं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी खटला होत नाही, नाव-पत्ता द्यायची सक्ती नाही आणि दवाखाना तुमच्याकडे पैसे मागू शकत नाही. २०२५ पासून अपघातग्रस्ताला ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळायची योजनाही आहे. ही वाक्यं लिहून गाडीत ठेवा, गरज पडली तर वाचून दाखवता येतील.

तुमची गाडी अपघाताच्या पुढे नेऊन लावा, चारही इंडिकेटर चालू करा आणि आधी एका माणसाला बॅटरी देऊन मागे लांब उभं करा. नाहीतर मदतीला आलेल्यांवरच पुढची गाडी येते. मग १०८ ला फोन, लागला नाही तर ११२. फोनवर “चिपळूणच्या जवळ” असं सांगून रुग्णवाहिकेला जागा सापडत नाही. मैलाच्या दगडावरचा आकडा, शेवटची वाचलेली पाटी आणि मुंबईकडे जाणारी बाजू की गोव्याकडे जाणारी, हे सांगा. जखमीला पाणी पाजू नका. मोटारसायकलवाल्याचं हेल्मेट ओढून काढू नका. श्वास अडकत असेल तर आधी काच वर करा, आणि श्वास थांबलेलाच असेल तरच मान धरून हेल्मेट अलगद काढा. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापडाची घडी दाबून धरा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत ती उचलून बघू नका. आग लागायचा धोका नसेल तर गाडीत अडकलेल्याला ओढून बाहेर काढू नका, मान दुखावलेली असेल तर ओढण्यानं कायमचं नुकसान होतं. त्याच्याशी बोलत राहा, त्याचं नाव विचारा, घरचा नंबर विचारा आणि तो नंबर १०८ च्या माणसांकडे द्या.